सोळा दातांचं की अठरा?

"दिव्याला रॉकेल न्हाई आन् तुमी साखळीला न्हाऊ घालून राहिले. धुऊन का ती तरणी होनार हाय?"

अमिनाबी हे पुटपुटली तेव्हा मी पत्र्याच्या पसरट डब्यात, रॉकेलमध्ये बुडून पडले होते. तिचा नवरा, जलालुद्दीन मिस्त्री, जुना ब्रश घेऊन माझी एकेक कडी घासत राहिला. घासून उपयोग नाही हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण हाताला काहीतरी काम हवं असतं.

मित्रांनो, ती न तरणी होणारी साखळी म्हणजे मी. दाराची नव्हे, विहिरीची नव्हे, फटफटीची. अठ्ठेचाळीस सालचा डिसेंबर होता आणि आमच्या वसमतला फटफट्या तेव्हा एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच होत्या. त्यांतल्या एकीला मी चार वर्षं ओढलं.

माझा जन्म कुठल्याशा विलायती कारखान्यात झाला. त्यातलं फारसं आठवत नाही. पाती, रूळ, खिळ्या, पुन्हा पाती, असं करत एकशे सहा कड्या झाल्या आणि कुणीतरी मला तेलकट कागदात गुंडाळलं. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या मालाबरोबर फिरत फिरत मी हैदराबादच्या जुन्या बाजारात पोचले. चव्वेचाळीस साली जमीलने मला तिथून आणलं.

जमील मिस्त्रीचा थोरला मुलगा. उंच, काटकुळा, खांद्याला अवजारांची एक पिशवी. पिठाच्या गिरण्यांची, रसाच्या चरकांची तेलाची इंजिनं दुरुस्त करत तो गावोगाव हिंडायचा. फटफटी त्याने सदतीस साली कापसाच्या जिनच्या मॅनेजरकडून जुनी घेतली होती. मी यायच्या आधी सात वर्षं ती दुसऱ्या साखळीवर चालली, म्हणजे तिची दोन्ही दातेरी चाकं माझ्यापेक्षा थोरली. पुढे इंजिनापाशी एक लहान चाक, मागे एक मोठं, आणि दोहोंच्या मधे फिरणारी मी. दोन थोरल्या जावांच्या घरात नवी सून यावी तशी मी आले म्हणा ना.

मला आणलं त्या दिवशी जमील म्हणाला होता, "अब्बा, चाकांचे दातं झिजले हायेत. तिन्ही संगंच बदलू."

मिस्त्री हसला होता. त्याची अख्खी हयात कापसाच्या जिनमध्ये गेलेली. तिथे चाकांवरून चामड्याचे पट्टे फिरतात. पट्टा तुटला की नवा घालतात, चाक मात्र आज्याच्या काळचं नातवापर्यंत चालतं. "पट्टा बदलला की भागलं," तो म्हणाला. "लोखंडाच्या चाकाला का होते?"

तो मला पट्टाच समजला. ही चूक लोहाराने केली नसती, सायकलवाल्यानेही केली नसती. ती जिनच्या मिस्त्रीनेच करावी.

झिजलेला दात कसा असतो ते सांगते. तो आखूड होतो आणि एका बाजूला वाकतो, मांजराच्या नखासारखा. मग तो साखळीला नुसतं ढकलत नाही, धरून ठेवतो, सोडताना ओरबाडतो. मी नवी होते, मला कळलं नाही. हळूहळू मी लांबत गेले. जमील मागचं चाक जरा मागे सरकवून मला ताठ करायचा, मी पुन्हा ढिली व्हायचे.

तरी ती वर्षं चांगली गेली. दर शुक्रवारी नमाजाहून आला की तो मला पुसायचा. त्याची बायको, जाहेदा, जुन्या ओढणीची एक चिंधी फाडून द्यायची. तो चिंधीने माझी धूळ काढी, मग तेलाचं बोट फिरवी. डोंगरकडा गावी व्यंकटरावांच्या गिरणीवर गेलो की व्यंकटराव जमीलला म्हणत, "मिस्त्री, तुझी फटफटी आली का गेली, कुत्र्याला बी कळत न्हाई." ही तारीफ खरं तर माझी होती. तेल मिळालेली साखळी आवाज करत नाही.

जमीलला वेग आवडे. पुढचं लहान चाक त्याने मुद्दाम अठरा दातांचं ठेवलं होतं. पुढे दात जास्त असले की सपाटीवर गाडी उडते. कमी असले, सोळा म्हणा, की वेग कमी पण चढावर ओढ जास्त. काटकुळ्या माणसाला ओढीची काय गरज? अठराच बरे.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हैदराबादचं राज्य बदललं. त्याच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस असे होते की रस्त्यात कोण कुणाला नाव विचारेल आणि नाव ऐकून काय करेल, याचा नेम नव्हता. जमील तेव्हा डोंगरकड्याकडे कामाला गेला होता. बातमी कळली तशी त्याने फटफटी घराकडे वळवली. चढावर त्याने जोर केला, त्या वाकड्या दातांनी मला ओरबाडलं, आणि माझी एक खिळी निघाली.

मी तुटले, मित्रांनो. रस्त्यावर पडले.

जमीलने शिवी दिली नाही. मला उचललं, हँडलच्या मुठीला अडकवलं आणि फटफटी ढकलत जवळच्या तांड्यावर नेली. तिथे अमरसिंग राहायचा. त्याच्या चरकाचं इंजिन जमीलच दुरुस्त करी. अमरसिंग म्हणाला, "दोन दिस थांब, भाऊ. रस्ता बराबर न्हाई." जमील म्हणाला, "घरी वाट पाहून राहिले." त्याने माझी तुटली कडी मापासाठी खिशात टाकली आणि तो पायी निघाला.

त्यानंतर त्याला कुणी पाहिलेलं नाही.

फटफटी कडब्याखाली पडून राहिली, मीही. दिवाळीनंतर अमरसिंगने आम्हाला बैलगाडीत घालून वसमतला पोचवलं. या घरात तोवर बोलण्याची एक नवी रीत पडली होती. कुणी "जमील" म्हणत नसे. "तो आला म्हंजे" असं सुरू करत आणि पुढचं वाक्य सोडून देत. जाहेदा तर नवऱ्याचं नाव कधीच घेत नसे; बायकोने घ्यायचं नसतं. जेवणं होत, भांडी घासली जात, कुणी रडत नसे. दर शुक्रवारी जाहेदा एक चिंधी फाडी आणि खुंटीला अडकवी. तिथे आता बारा चिंध्या होत्या, सगळ्या कोऱ्या. अमिनाबी त्यांच्याखालून वाकून जाई पण हात लावत नसे.

मला काय वाटलं म्हणून विचाराल. लोखंडाला काही वाटत नाही. मी नुसती पडून होते आणि मोजत होते. एकशे पाच. एकशे पाच.

तर त्या डिसेंबरच्या सकाळी झालं असं. व्यंकटरावांच्या गिरणीचं इंजिन बसलं होतं, डोंगरकड्याच्या बाया पुन्हा जात्यावर दळत होत्या. निरोप आला होता, सोमवारपर्यंत या, न्हाईतर नांदेडचा मिस्त्री बोलावतो. ते गिऱ्हाईक गेलं की बाकीची गावंही त्याच्याबरोबर जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. घरात चालता हात आता एकच होता, जमीलच्या धाकट्या भावाचा, मकबूलचा. तो फटफटी चालवायला शिकला होता. अमरसिंग कापूस घालायला नांदेडला गेला तेव्हा तिथल्या दुकानातून सामान घेऊन आला: नवी साखळी, मागचं नवं मोठं चाक, आणि पुढची लहान चाकं दोन. एक सोळा दातांचं, एक अठरा दातांचं. दोन्ही मिस्त्रीनेच सांगितली होती, कारण एक सांगणं त्याला जमलं नव्हतं. नको असेल ते अमरसिंग आज परत नेणार होता. बाहेर त्याचे बैल जुंपलेले होते.

दोन्ही चाकं गोणपाटावर मांडली होती. घरात ही माणसं दख्खनी बोलत, पण अमरसिंग बसला की मराठीवर येत.

"कोन्तं ठेवता, मिस्त्रीचाचा?" अमरसिंगने विचारलं. "बैल उभे हायेत."

मिस्त्रीने माझी कडी घासली.

"मकबूल चालवनार असंल तर सोळाचं पायजे," अमिनाबी म्हणाली. "ह्यो बसला की फटफटी कण्हते."

"अम्मी, म्या एवढा बी जाड न्हाई."

"न्हाई कसा? आन् अवजाराची पेटी? आन् मागं तुजे अब्बा? चढावर तुमाला ढकलाया म्या येऊ काय?"

अमरसिंग मिशीतल्या मिशीत हसला. मकबूलने सोळाचं उचललं, वजन केल्यासारखं केलं आणि परत ठेवलं.

"अठराचंच असू द्या," तो म्हणाला. "भाईला सोळाचं आवडत न्हाई. तो आला म्हंजे..."

अमिनाबीने पदराची कड दुमडली, उलगडली, पुन्हा दुमडली.

मिस्त्रीने मला डब्यातून काढलं आणि नव्या साखळीशेजारी लांब पसरलं. मापाला. तो माझ्या कड्या मोजू लागला. एकशे पाच आल्या. त्याने पुन्हा मोजल्या. पुन्हा एकशे पाच. तिसऱ्यांदा पहिल्या कडीवर बोट ठेवलं.

"चाचा," अमरसिंग हळूच म्हणाला, "एक त्याच्या खिशात हाय."

मिस्त्रीचं बोट तिथेच राहिलं. मग त्याने माझं मागचं जुनं चाक ओढून घेतलं, अंगठा त्या वाकड्या दातांवरून फिरवला. एक दात, दुसरा, तिसरा. "चाकाला का होते," तो म्हणाला, विचारत नव्हता, नुसतं म्हणत होता. अंगठ्याला खरचटलं तरी फिरवत राहिला.

मित्रांनो, माझ्याकडे शिकवण्यासारखं एवढंच आहे. साखळी बदलाल तेव्हा दोन्ही चाकंही बदला. जुन्या दातांवर नवी साखळी घालू नका, ती जुनी होते आणि नको तिथे तुटते. तिला तेल द्या, पुसा. आणि चाक निवडताना ज्याला ते चालवायचं आहे त्याच्याकडे बघून निवडा. मी हे चव्वेचाळीस साली सांगायला हवं होतं, पण साखळीला कोण विचारतं?

अमरसिंग उठला. अठराचं चाक त्याने गोणपाटावरच राहू दिलं आणि सोळाच्याकडे हात नेला, परत न्यायला. "मंग हे घेऊन जातो," तो म्हणाला. "बराबर?"

मकबूल आपल्या पायांकडे पाहत होता. सोमवारच्या चढावर हे अठराचं ओढणार नाही, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

दाराचा पडदा हलला. जाहेदा बाहेर आली. परक्या माणसासमोर ती येत नसे, अमरसिंग गडबडून बाजूला झाला. तिने खुंटीवरच्या बारा चिंध्या काढल्या, एकीने माझं रॉकेल निपटलं, अगदी शुक्रवारी निपटतात तसं, आणि बाकीच्या मकबूलच्या हातात दिल्या. मग खाली बसून तिने अठराचं चाक उचललं आणि अमरसिंगपुढे धरलं.

"हे न्या, भाऊ," ती म्हणाली. मग सासऱ्याकडे वळली. तिचा आवाज पाणी मागावं इतका साधा होता.

"अब्बा, सोळाचं बसवा. मकबूलभाईला ओढ लागंल. जमील आता येनार न्हाईत."