अर्धी पुसलेली रेघ

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचे एक जुने कार्ड आहे. तुमच्या तळहातात सहज मावेन एवढेच. माझ्या अंगावर बेसबॉलच्या एका खेळाडूचे चित्र आहे. त्याचे नाव वेन्सेल स्ट्राका. तुम्ही हे नाव ऐकले नसेल. त्यात तुमची चूक नाही, त्याच्या काळातही ते फारसे कुणी ऐकले नव्हते. तो राखीव कॅचर होता. फलंदाजाच्या मागे उकिडवे बसून चेंडू झेलायचा, तोही मुख्य कॅचर जखमी झाला तरच.

एका मोठ्या कागदावर आम्ही पुष्कळ भावंडे एकत्र छापली गेलो. मग पाते आले आणि आम्ही वेगळी झालो. च्युइंगमच्या गुलाबी वडीबरोबर मला पुडीत बंद केले. त्या वडीचा डाग माझ्या पाठीवर अजून आहे.

पुडी फोडली ती अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका लहान गावात, रेमंड नावाच्या मुलाने. वडी तोंडात टाकून तो कार्डे चाळू लागला आणि माझ्यापाशी थांबला.

"हट्! हा तर आपल्या गावचा स्ट्राका. नुसता बाकावर बसून असतो!"

नामांकित खेळाडू डब्यात गेले. मला त्याने कपड्यांच्या चिमट्याने सायकलच्या चाकाला अडकवले. चाक फिरले की तारा माझ्यावर आपटत आणि मोटारसायकलसारखी फटफट होई. तेव्हाची मुले असेच करत. ज्याला किंमत नाही, ते कार्ड चाकात. माझा एक कोपरा तेव्हाच कायमचा मोडला.

एके दिवशी शेजारच्या लिडाने ते चाक हातांनी धरून थांबवले.

"रेमंड, ते कार्ड मला दे."

"फुकट?"

तिने खिशातून आपले सर्वांत लाडके कार्ड काढले. साऱ्या गल्लीचा डोळा होता त्या फलंदाजावर.

"वेड लागलंय का तुला? त्याच्या बदल्यात हा?"

"तो माझा ताता आहे," लिडा म्हणाली. "त्याला सारखा मार बसतोय."

स्ट्राकांच्या घरी बापाला ताता म्हणत. लिडाने मला फ्रॉकला पुसले आणि घरी नेले. त्या दिवसापासून मला कुणीतरी होते.

त्या मुलांची आणखी एक रीत होती. खेळाडूने संघ बदलला, की कार्डावरचे जुने नाव पेन्सिलीने खोडायचे आणि वर नवे लिहायचे. मक्याची कापणी सुरू असताना वेन्सेलला संघाने काढून टाकले. तो पिशवी घेऊन परतला आणि कुणाशी बोलेना, जेवायलाही बसेना. लिडाने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले. संघाच्या नावावर रेघ ओढली आणि वर मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिले, 'घरी'.

वेन्सेलने मला उचलून बराच वेळ पाहिले.

"ह्या संघात भांडी कोण घासतं?"

"कॅचर," लिडा म्हणाली.

"वाटलंच मला."

त्या संध्याकाळी तो सगळ्यांबरोबर जेवला. नंतर खरोखरच बाह्या सारून भांडी घासायला उभा राहिला.

पुढे लिडा परिचारिका होऊन दूरच्या शहरात गेली. तिच्या आईने घर आवरताना बुटांच्या खोक्यासकट मला अंगणात मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीत काढले. तिला काय ठाऊक! मग मी या तळघरातून त्या तळघरात फिरले. ओल खाल्ली, धूळ खाल्ली. खोकी उघडत, माणसे नावाजलेली कार्डे निवडत आणि झाकण पुन्हा पडे.

शेवटी मी थर्लो बेक नावाच्या म्हाताऱ्या न्हाव्याच्या हाती लागले. कुणाला न आठवणाऱ्या खेळाडूंचीच कार्डे तो जमवायचा. "मोठ्यांना सांभाळायला जग आहे. ह्यांना कोण आहे?" असे तो म्हणे. त्याने मला दिव्याखाली धरले आणि हळहळला.

"चांगल्या कार्डाची कुण्या पोराने वाट लावलीय."

त्याने मऊ रबर काढले. मित्रांनो, सायकलच्या चाकात मी घाबरले नव्हते, तेवढे त्या रबराला घाबरले. ओरडायला मला तोंड नव्हते. रेघेचा अर्धा भाग पुसला गेला. आता रबर त्या शब्दाकडे वळले.

त्याची बायको आर्डिस कॉफी घेऊन आली आणि चष्मा सारून वाकली.

"'घरी'? हा कुठला संघ रे?"

थर्लोचा हात थांबला.

"असा संघ नाहीये."

"मग पुसतोस कशाला? जन्मभर लोकांच्या माना साफ केल्यास, आता हा बिचारा राहिला होता!"

थर्लोने रबर खणात टाकले आणि खण लोटून दिला.

पुढच्या वसंतात चर्चच्या सभागृहात कार्डांचा बाजार भरला. पांढऱ्या केसांची एक बाई काठी टेकत टेबलामागून टेबल विचारत चालली होती, "स्ट्राका आहे का? वेन्सेल स्ट्राका?" जो तो एकच म्हणे, "कोण?"

थर्लो तेवढा "कोण" म्हणाला नाही. त्याने मला काढले आणि ओशाळून म्हणाला, "आहे, बाई. पण कुणीतरी लिहून खराब केलंय. मीही थोडं पुसलं. माफ करा."

बाईने मला डोळ्यांजवळ नेले.

"लिहिणारी मीच," ती म्हणाली. "पुरात ताताचे सगळे फोटो वाहून गेले. मला वाटलं होतं, हेही गेलं."

थर्लोने पैशांचे नाव काढले नाही. "पेन्सिल द्या," बाई म्हणाली. त्याने कानामागची काढून दिली. लिडाने टेबलाला कोपर टेकले आणि पुसलेली अर्धी रेघ पुरी केली.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर कुणाची खूण दिसली, तर ती पुसण्याआधी क्षणभर थांबा. तो डाग आहे की कुणाची माया, हे विचारून घ्या. आणि ज्याला कुणी ओळखत नाही, त्याला चाकात अडकवू नका. तोही कुणाच्या तरी घरचा असतो.

आता मी लिडाच्या स्वयंपाकघरात, मोरीवरच्या खिडकीत उभ्या असलेल्या काचेच्या चौकटीत आहे. भांडी घासताना ती कधी कधी मान वर करते आणि म्हणते, "ताता, आज पाळी तुझी होती."