अर्थिंगची तुटलेली पट्टी

राजेश्वरी आणि तिचा मदतनीस विरेश सोलापुरातून मंद्रूपच्या दूध संकलन केंद्रात पोचले, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. वजनकाट्याचे आकडे आता थेट मुख्य ऑफिसात जाणार होते, त्यासाठी नेटवर्कचा रॅक बसवायचा होता.

"चारच्या आत उरका की मॅडम. चारला दूध यायला लागतं," व्यवस्थापक अजिंक्य म्हणाला.

"उरकू. पण लाइन तपासल्याशिवाय नाही."

या कामात राजेश्वरीची बारा वर्षं गेली होती, तरी ही खोली तिला आवडली नाही. नुकतीच धुतलेली फरशी, शेजारच्या खोलीतल्या स्टीलच्या टाकीखालून वाहत आलेलं पाणी, आणि कोपऱ्यात ओलीचा वास. तिनं ओली जागा पुसून घेतली. विरेशनं माणसाएवढा लोखंडी रॅक उभा केला, जड यूपीएस सगळ्यात खाली सरकवला आणि रॅकची अर्थिंगची वायर भिंतीतल्या अर्थिंगला जोडली. नियमानं तेच पहिलं काम.

अर्थिंगवर वीज येते का, हे बघायला राजेश्वरीनं मीटर लावला. आकडा शून्याजवळ हवा होता. तो चाळीसवर गेला, खाली आला, पुन्हा चढला.

"अक्का, मीटर बिघडला काय?"

"मीटर चांगला आहे. मी बाहेर अर्थिंगचा खड्डा बघून येते. तोवर रॅकला हात लावू नकोस."

खड्डा इमारतीच्या मागं, बाभळीखाली होता. झाकण काढून ती वाकली आणि तशीच थांबली. मातीत जाणारी तांब्याची पट्टी कुणीतरी करवतीनं कापून नेली होती. भिंतीतून आलेलं टोक नुसतं हवेत लोंबत होतं. म्हणजे या इमारतीत कुठंही वीज लोखंडात उतरली, तर तिला जमिनीत जायला वाटच नव्हती. रॅक, काटा, टाकी, सगळं एकाच वायरीनं जोडलेलं होतं.

तेवढ्यात आत टाकी गार करणारी मोटर घरघरली. ती आपोआप सुरू होणारी होती.

राजेश्वरी धावत सुटली.

दारातून तिला विरेश पाठमोरा दिसला. रॅकचा बोल्ट आवळायला त्यानं हात घातला होता. ओरडत नव्हता. नुसता थरथरत होता, मान मागं ताठलेली. अजिंक्य त्याला धरायला पुढं सरसावला.

"शिवू नका त्याला!" ती किंचाळली आणि दाराजवळच्या बोर्डावरचा मेन स्विच तिनं खाली ओढला.

मोटर थांबली. विरेश कोसळला. रॅक डगमगला, पण वजन खाली असल्यानं त्याच्या अंगावर आला नाही. राजेश्वरीनं त्याच्या छातीवर कान ठेवला. ठोका होता. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले. उजवा तळवा काळा पडला होता.

"मीच म्हणालो त्याला, बोल्ट तरी आवळून घे म्हणून," अजिंक्य पुटपुटला.

तिचं लक्ष बोर्डाकडं गेलं. झटका बसला की लाइन तोडणारं ईएलसीबी तिथं होतं, पण त्याला वगळून वायर सरळ पुढं नेली होती.

"हे कुणी केलं?"

"सारखं पडायचं हो ते. दूध नासायचं. वायरमनला सांगून वायर सरळ जोडून घेतली."

"म्हणजे मोटरमधून वीज आधीपासूनच गळत होती. ते पडत होतं ते तुम्हाला सांगायलाच. हा वायरमन आणखी कुठं काम करतो?"

"आमच्या बाकीच्या अकराही केंद्रांवर. सगळीकडं तसंच केलंय."

चार वाजायला आले होते. बाहेर मोटारसायकली येऊन थांबत होत्या, किटल्या उतरत होत्या. विरेशला सोलापूरच्या दवाखान्याकडं गाडीत घालून दिल्यावर राजेश्वरीनं अजिंक्यकडून नंबर घेतले आणि एकेक केंद्राला फोन लावायला सुरुवात केली. सगळीकडं एकच सांगणं: मेन बंद करा, टाकीला हात लावू नका. कुणी ऐकलं, कुणी हुज्जत घातली, तरी दहा ठिकाणी लाइन बंद झाली.

अकराव्या ठिकाणी बराच वेळ नुसती रिंग गेली. मग कुणीतरी उचलला.

"कोण बोलतंय?" तिनं विचारलं.

"संगप्पा. केंद्राचा राखणदार."

"मामा, आधी मेन बंद करा. टाकीपाशी कुणाला जाऊ देऊ नका."

"केंद्र कालपासनं बंदच हाय की बाई. आमचा गुरप्पा गेला. टाकी धुता धुता पडला. डाक्टर म्हणले, हार्टअटॅक."

"टाकी धुताना?" राजेश्वरीनं विचारलं.

"आता त्याचा भाऊ आलाय," संगप्पा म्हणाला. "ऱ्हायलेली टाकी धुतो म्हणून आत गेलाय."

"मामा, पळा! मेन पाडा आधी!"

फोन तिकडं कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. मग अनवाणी पावलांचा. राजेश्वरी कान लावून उभी राहिली. कितीतरी वेळानं संगप्पाचा धापा टाकणारा आवाज आला.

"पाडला. पोरगं उभं हाय बाई. हातात पाइप धरून उभं हाय. पर झालंय काय?"

गुरप्पाचं हृदय टाकीत उतरलेल्या विजेनं थांबलं असणार, हे त्याच्या भावाला आता तिलाच सांगायचं होतं.