चिखलाची चोच

टेलिस्कोपच्या तिपाईचा एक पाय किनाऱ्यावरच्या लाकडी बोर्डवॉकच्या दोन फळ्यांमधल्या फटीत अडकला होता आणि मधुवंती गुडघे टेकून तो सोडवत होती. पावसाची भुरभुर चालू होती. फळ्या निसरड्या झाल्या होत्या. पाय निघाला, पण तिला लगेच उठता आलं नाही. कठड्याला धरून ती थोडा वेळ तशीच बसून राहिली.

तिच्या मागे शैलेंद्र गोष्ट सांगत होता.

“ओहोटी नुकतीच उलटली होती. असाच ढगाळ दिवस. मी म्हटलं, मधुवंती, चल, आज काही नाही इथं. तर ही म्हणाली, पाचच मिनिटं. आणि चौथ्या मिनिटाला...”

“चौथ्या मिनिटाला तो आला,” सौमित्र म्हणाला. चार वर्षांत त्याने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की कुठे थांबायचं आणि कुठे आपण बोलायचं, हे त्याला पाठ झालं होतं.

“आला! चिमणीएवढा जीव. सैबेरियाच्या पार टोकाच्या बर्फाळ किनाऱ्यावरून निघालेला. साऱ्या जगात उरलेत काहीशे. आणि चोचीच्या टोकाला हा एवढासा चमचा. हो की नाही, मधुवंती?”

“हो,” मधुवंती म्हणाली आणि उठून उभी राहिली.

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार होता. चांगी पॉइंटहून पहिल्या बोटीने सहा जण पुलाउ उबीनला आले होते आणि धक्क्यावरून व्हॅन करून बेटाच्या पूर्वेकडच्या या चिखलाच्या किनाऱ्यावर पोचले होते. सिंगापुरात थंडी म्हणजे पाऊसच. तरी आज समुद्रावरून येणारा वारा ओल्या कपड्यांतून अंगाला लागत होता. निशिकांत आणि नीलिमा हे जोडपं मागच्या छपराखाली थर्मास उघडून बसलं होतं. बँकेत काम करणारी अनघा कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवत होती. सौमित्र कठड्याला टेकून दुर्बीण पुसत होता. येत्या गुरुवारी तो बायको आणि मुलीला घेऊन कायमचा पुण्याला परत निघाला होता. कंपनीने त्याचा कामाचा पास वाढवला नव्हता. बुओना व्हिस्टाच्या फ्लॅटमध्ये सगळीकडे खोकी होती आणि बायकोनेच त्याला सांगितलं होतं, “जा तू, इथे नुसता मध्ये मध्ये येतोयस.”

हा ग्रुप झाला तोच त्या पक्ष्यामुळे. अकरा वर्षांपूर्वी मधुवंतीने याच किनाऱ्यावर स्पूनबिल्ड सँडपायपर, म्हणजे ग्रुपच्या भाषेत ‘चमच्या’, पाहिला, शैलेंद्रने साक्षीदार म्हणून सही केली आणि पक्षीनोंद समितीने ती नोंद स्वीकारली. तोवर ती एका जहाज कंपनीत हिशेब तपासणारी, फारशी कुणाच्या ओळखीची नसलेली बाई होती. त्यानंतर गणपतीच्या कार्यक्रमातही लोक येऊन विचारू लागले, “चमच्या पाहिला त्या तुम्हीच ना?” मग दर महिन्याला एक फेरी ठरली. माणसं आली, गेली, काही इथली नागरिक झाली, काही परत गेली. मधुवंती एकसष्टची झाली. गेली दोन वर्षं शनिवारी रात्री झोपताना तिला वाटायचं, सकाळी कुणीतरी फोन करून फेरी रद्द झाल्याचं सांगावं.

पाणी हळूहळू चढत होतं आणि पक्ष्यांना किनाऱ्याकडे ढकलत होतं. चाळीसेक टिलवे, चमच्याएवढेच पण साध्या बारीक चोचीचे पाणपक्षी, चिखलात चोची मारत होते. राखाडी पाठीचे, पांढऱ्या पोटाचे, सगळे एकसारखे. ती एकेकाची चोच पाहत पुढे सरकत होती. नेहमीसारखं, न थांबता, कसलीही आशा न ठेवता.

“ताई,” सौमित्र म्हणाला.

त्याचा आवाज एकदम खाली गेला होता.

“ताई, वाकड्या काठीच्या डावीकडे. एकटाच आहे तो. त्याची चोच बघा.”

तिने टेलिस्कोप वळवला. काठी सापडली, काठीच्या डावीकडे टिलवा सापडला. त्याची चोच टोकाला रुंद होती. काळी, गोलसर, चपटी.

एवढी एक गोष्ट तिला नंतरही नीट आठवत राहिली, की क्षणभर तिलाही ते खरं वाटलं होतं.

मग पक्षी जरा वळला आणि त्या गोलाची डावी कड उजवीपेक्षा जाड दिसली. खालच्या बाजूला एक गुठळी होती. ही गुठळी तिच्या ओळखीची होती. आठ वर्षांपूर्वी घरात नवा कॉम्प्युटर आला तेव्हा तिने आपला जुना, धूसर फोटो त्यावर मोठा करून पाहिला होता. पाहिला आणि बंद केला. पुन्हा कधी उघडला नाही. कुणाला काही बोललीही नाही.

“आहे ना, ताई?” सौमित्र अगदी तिच्या खांद्याशी येऊन उभा होता. “सांगा ना. आहे ना?”

अनघा कठड्यावर ओणवी होऊन फोटोंमागून फोटो काढत होती. निशिकांत आणि नीलिमा थर्मास तसाच उघडा टाकून धावत आले. प्रत्येकाने टेलिस्कोपला डोळा लावला, प्रत्येक जण “अरे बापरे” म्हणाला. नीलिमाने सौमित्रच्या पाठीवर थाप मारली. “जाता जाता मिळवलंस रे!” सौमित्र हसला आणि त्याने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. पावसाने तो ओला होताच.

“सगळ्यांना कळवू का?” अनघाने फोन हातात घेतला होता. “आत्ता टाकला मेसेज, तर लोक पुढच्या बोटीने निघतील.”

मधुवंतीने शैलेंद्रकडे पाहिलं. एवढ्या गडबडीत तो एकटाच पुढे आला नव्हता. टोपी हातात घेऊन तो बाकाजवळ उभा होता. बायको गेल्यापासून तो क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये एकटा राहत होता. मुलगा कॅनडात. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात तीस वर्षं पाळ्या करून निवृत्त झालेल्या या माणसाकडे सांगण्यासारखी हीच एक गोष्ट होती आणि ती तो मन लावून सांगत असे. मधुवंती आठ वर्षं मान डोलावत आली होती ती बरीचशी त्याच्यासाठी. निदान तिची स्वतःची समजूत तशी होती.

“शैलेंद्र,” ती म्हणाली, “तू बघ.”

तो आला. वाकला. बराच वेळ बघत राहिला. त्याच्या मानेवरून पावसाचं पाणी कॉलरमध्ये उतरत होतं, तेही त्याने पुसलं नाही.

“अनघा, अजून टाकू नकोस,” तो म्हणाला.

“का, काका?”

“थांबू या जरा. त्याला पाण्यात जाऊ दे.”

कुणाला काही कळलं नाही, पण सगळे थांबले. मधुवंती शैलेंद्रकडे बघत होती. तो मात्र वर बघायला तयार नव्हता.

आठ-दहा मिनिटं गेली असतील. शिलाईमशीनच्या सुईसारखी टिलव्याची चोच खालीवर होत होती. चमच्या चोच बाजूला हलवतो, चिखल विसळल्यासारखी. हा तसं एकदाही करत नव्हता. पाणी पुढे आलं. छोट्या छोट्या ओहळांतून ते चिखलात शिरलं. टिलवा एका ओहळाकडे पळाला, पोटापर्यंत पाण्यात उतरला, त्याने चोच बुडवून डोकं झटकलं. पुन्हा बुडवली, पुन्हा झटकलं.

मग तो बाहेर आला. त्याची चोच सरळ होती आणि काट्यासारखी बारीक.

आता टेलिस्कोपशी सौमित्र होता; त्याने डोळा काढला नाही. नीलिमा “अगं बाई” म्हणाली. अनघाने फोन खिशात ठेवला.

“चिखल होता,” सौमित्र म्हणाला. मग थोड्या वेळाने, तसाच वाकलेला असताना, त्याने विचारलं, “चिखल असा बरोबर टोकालाच बसतो? नेहमी?”

त्याने कुणाचं नाव घेतलं नव्हतं. ‘कधीतरी’ एवढं म्हणून मधुवंतीला सुटता आलं असतं. तिने कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

“बसतो,” ती म्हणाली. “त्या वर्षीही तेच झालं असणार, सौमित्र. तो पक्षी लगेच उडून गेला आणि मी नोंद करून टाकली. नंतर फोटो मोठा करून पाहिला तेव्हा माझ्या लक्षात आलं. आज आठ वर्षं झाली त्याला. मी कुणाला सांगितलं नाही.”

वाऱ्याने अनघाच्या कॅमेऱ्यावरची पिशवी फडफडली. सौमित्र ताठ उभा राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग चिखलाकडे.

“मी चार वर्षं येतोय, ताई,” तो म्हणाला.

त्याने पट्टा गळ्यातून काढला, दुर्बीण डब्यात घातली आणि व्हॅनच्या दिशेने चालू लागला. एरवी परतताना टेलिस्कोप तोच खांद्यावर घ्यायचा. आज मधुवंतीने तिपाई मिटली आणि स्वतःच उचलली.

व्हॅनमध्ये सौमित्र ड्रायव्हरशेजारी बसला. नीलिमाने एकदा पावसाचा विषय काढून पाहिला, पण कुणी तो पुढे नेला नाही. धक्क्यावर बोटवाला स्टुलावर बसला होता. बारा माणसं झाल्याशिवाय तो बोट सोडत नव्हता. हे सहा आणि दोन सायकलवाले, एवढेच जमले होते. बाकीचे शहाळं प्यायला समोरच्या दुकानात गेले. जाताना सौमित्र मधुवंतीपाशी थांबला.

“पुण्याला आलात तर कळवा,” तो म्हणाला. अगदी व्यवस्थित, कुणालाही म्हणावं तसं.

“कळवीन.”

तो गेला. शैलेंद्र येऊन बाकावर तिच्याशेजारी बसला. टेलिस्कोपची बॅग त्याने दोघांच्या मध्ये ठेवली. दूरवर चांगीच्या विमानतळावर एक विमान उतरत होतं.

“तुला कधीपासून माहीत होतं?” तिने विचारलं.

“दुसऱ्याच वर्षी कळलं. तू तेव्हा आईच्या आजारपणात मुंबईला गेली होतीस. मी एकटा आलो होतो इथे. असाच एक दिसला मला. मी वेड्यासारख्या उड्या मारल्या. मग तो पाण्यात गेला.”

“आणि तरी दर वेळी सांगत राहिलास? सगळ्यांना?”

“तुझा केवढा मान व्हायला लागला होता, मधुवंती. मी कोण तो काढून घेणारा?” त्याने टोपी पिळली. “आणि तू मान डोलवायचीस. मला वाटायचं, तुला ती गोष्ट हवी आहे. थांबलो तर तुला कळेल, मला संशय आलाय म्हणून.”

“मी तुझ्यासाठी डोलवत होते.”

शैलेंद्रने तिच्याकडे पाहिलं. त्याला हसू येईल असं तिला वाटलं. पण तो पाण्याकडे वळला.

“शेवटी शेवटी,” तो म्हणाला, “सांगताना माझं मलाच ऐकू यायचं नाही.”

तिने फोन काढला. समितीचा जुना पत्ता मेलमध्ये सापडायला वेळ लागला. तिने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या: मी कळवलेला पक्षी टिलवा होता, त्याच्या चोचीला चिखल लागला होता. मी पुरेशी थांबले नाही. हे मला काही वर्षांपासून माहीत होतं. ती नोंद काढून टाकावी. खाली नाव घातलं आणि फोन शैलेंद्रपुढे धरला.

“वाच. काही राहिलंय का बघ.”

त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाजवळ नेला. खूप वेळ वाचला. मग एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत, तो काहीतरी खोडू आणि लिहू लागला. मध्येच बोटवाल्याने हाक मारली. आणखी चार सायकलवाले आले होते, बारा झाले होते. समोरून नीलिमा हातातलं शहाळं टाकून उठली.

“Uncle, go or not?” बोटवाल्याने पुन्हा विचारलं.

“Coming, coming,” शैलेंद्र म्हणाला, पण हात थांबवला नाही. लिहून झाल्यावर त्याने फोन परत दिला.

जिथे जिथे ‘मी’ होतं तिथे त्याने ‘आम्ही’ केलं होतं. खाली तिच्या नावाच्या वर आपलं नाव घातलं होतं. मधुवंतीने सगळं पुन्हा एकदा वाचलं आणि मेल पाठवला.

धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या होत्या. ती दोघं एकमेकांना धरून सावकाश उतरली. बोटीत सौमित्र आधीच पुढच्या टोकाला जाऊन बसला होता. मागच्या फळीवर दोघांपुरती जागा होती. इंजिन सुरू झालं, डिझेलचा वास आला, बोट बेटापासून दूर सरकली. नव्या सायकलवाल्यांतले दोघे मराठीच निघाले. त्यांनी टेलिस्कोपची बॅग पाहून कुतूहलाने विचारलं, “पक्षी बघायला आला होतात का? काही विशेष दिसलं?”

शैलेंद्रने सवयीने तोंड उघडलं. मग तो मधुवंतीकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, “आता काय सांगू मी यांना?”

“काही नको सांगूस,” ती म्हणाली. “दमला असशील.”