छताच्या घमेल्यातला ठोकळा

मित्रांनो, मी एक जुनं यंत्र आहे आणि मला फक्त दाबता येतं. काँक्रीटचा चौकोनी ठोकळा माझ्या दोन जाड पाट्यांमध्ये ठेवायचा आणि बाजूचा दांडा खालीवर करायचा. पोटातलं तेल वर चढतं आणि माझी खालची पाटी ठोकळा वरच्या पाटीवर दाबत जाते. ठोकळा फुटतो तेव्हा माझ्या तबकडीवरचा लाल काटा जिथे असेल तिथेच थांबतो. त्या ठोकळ्यात किती ताकद होती ते तो काटा सांगतो.

सांगलीकडच्या एका कारखान्यात माझं ओतीव लोखंड घासूनपुसून उभं केलं गेलं. ट्रकमधून मी धुळ्याला आलो तेव्हा तिथलं इंजिनिअरिंगचं कॉलेज नवीन होतं. पहिल्या दिवशी मला हार घातला, नारळ फोडला. मुलं भोवती उभी राहून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आपल्याला मान आहे.

मान फार टिकला नाही. मुलं माझ्या माथ्यावर जेवणाचे डबे ठेवू लागली. पावसात भिजलेले सदरे माझ्या दांड्यावर वाळू लागले. फुटलेल्या ठोकळ्यांचा चुरा पडतो त्या पत्र्याच्या ताटात कुणीतरी पान खाऊन थुंकलं आणि तो डाग कुणीही पुसला नाही. माझी देखभाल हिलालभाऊंकडे होती. माणूस गमत्या, पण तेलाचं भांडं त्यांच्या हाती क्वचितच दिसायचं.

हेही मी मनावर घेतलं नसतं. किळस आली ती दुसऱ्याच गोष्टीची.

बाहेरचे ठेकेदार माझ्याकडे ठोकळे घेऊन यायचे. नियम असा की, बांधकामात जे काँक्रीट ओततात त्यातलंच थोडं साच्यात भरायचं, ते जवळजवळ महिनाभर पाण्यात ठेवायचं आणि मग माझ्याकडे आणायचं. पण ठेकेदार या ठोकळ्यांसाठी वेगळा माल कालवायचे. त्यात सिमेंट भरपूर, पाणी बेताचं, रेती धुतलेली. धंद्यात सगळे अशा ठोकळ्यांना 'पाहुणे' म्हणायचे. पाहुण्याच्या ताटात तुपाची धार आणि घरच्यांना कोरडी भाकरी, असा तो प्रकार होता. दारात गोणपाटात गुंडाळलेले ठोकळे दिसले की हिलालभाऊ म्हणायचे, "पाव्हणा उनात रे. धक्का नका लागू देऊ."

पाहुणे आले म्हटलं की सगळे हसायचे. मी पाहुण्यांना दाबायचो, काटा चांगला वर जायचा, आणि ठेकेदाराला चांगलं बांधकाम केल्याचा दाखला मिळायचा. माझ्या तोंडून खरं निघायचं आणि त्याचं खोटं व्हायचं. गोड बोलून कुणी आपल्या हातून विष वाढवून घ्यावं, तसं मला व्हायचं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. शेवटच्या वर्षाला चाळीसगावकडचा अभिमन नावाचा मुलगा होता. प्रत्येकाला एक संशोधन प्रकल्प करायचा होता. अभिमनने ठरवलं की, एकाच बांधकामाचे दोन तऱ्हेचे ठोकळे घ्यायचे. काही ठेकेदाराने दिलेले, काही छतावर चाललेल्या घमेल्यातून स्वतः भरलेले. मग दोन्ही माझ्याखाली फोडून बघायचे.

बांधकाम त्याने ओळखीचंच निवडलं. कोरडखेडे गावात शाळेची नवी खोली होत होती. त्या गावात त्याची बहीण तानुबाई दिली होती आणि खोलीचे ठेकेदार होते तानुबाईचे सासरे, पितांबरनाना. घरचंच काम, कुणी अडवणार नाही, असं अभिमनला वाटलं. अडवलं कुणीच नाही. होळीनंतर छताचा स्लॅब ओतला. त्या दिवशी काम उरकलं की मजुरांना जेवण देण्याची रीत असते. वरणबट्टी शिजत होती, ऊन चढत होतं, आणि माल लवकर पसरावा म्हणून मुकादम पाण्याच्या बादल्यांवर बादल्या ओतत होता. रेती तर नाल्यातली, गाळ न काढलेली. अभिमनने तोच माल साच्यात भरून आणला.

महिन्याने ते ठोकळे माझ्याकडे आले.

आधी नानांचे ठोकळे ठेवले. चांगला ठोकळा कसा फुटतो सांगू? कड्कन आवाज होतो, चारी बाजू उडतात आणि मध्ये डमरूसारखा आकार उरतो. नानांचे सगळे तसेच फुटले. मग घमेल्यातला ठोकळा ठेवला. काटा जेमतेम अर्ध्यावर आला आणि ठोकळा आवाज न करताच बसला, शिळी भाकरी कुस्करावी तसा. दुसराही तसाच, तिसराही. अभिमनने चुरा मुठीत घेतला. त्याच्या बोटांतून माती गळत होती.

जूनमध्ये त्या छताखाली पोरं बसणार होती.

अभिमनने ते प्रकल्पाच्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, "निष्कर्ष उत्तम आहे. फक्त गावाचं नाव काढ. 'एका खेड्यातील बांधकाम' असं लिही. संशोधनाला नावाची गरज नसते."

दोन दिवसांनी पितांबरनाना दाखला न्यायला आले. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, बोलणं दिलदार. सगळ्यांना चहा सांगितला. गावाच्या नावाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती.

"अभिमन, तू मोठं नाव काढशी. पण गावनं नाव कसाले लिखस? तुनी बहीण मना घरमा शे, हाई ध्यानमा ठेव."

अभिमन खाली बघून म्हणाला, "नाना, त्या खोलीमा पोऱ्या बठतीन. आपला पुना बी बठी."

पुना म्हणजे तानुबाईचा मुलगा, नानांचा सख्खा नातू. नाना हसले.

"पुनानी फिकीर तू करू नको. त्याले मी पिंप्राळ्याले धाडी ऱ्हायनू, त्यानी आत्याकडे. तठली शाळा चांगली शे."

असं म्हणून त्यांनी बशीतला चहा फुंकून प्यायला.

मित्रांनो, मी आयुष्यात तऱ्हेतऱ्हेची घाण पाहिली आहे. माझ्या ताटात लोक थुंकले आहेत. पण तेव्हा आली तशी शिसारी मला कधी आली नव्हती. तोवर मी समजत होतो की, या माणसाला आपलं छत कच्चं आहे हे ठाऊक नसावं. त्याला सगळं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने स्वतःचं पोर आधीच बाहेर काढलं होतं आणि बाकीच्यांची आत बसवायला निघाला होता. हिलालभाऊ प्रत्येक गोष्टीला हसायचे. ते चहा तसाच ठेवून बाहेर गेले.

अभिमनने प्रकल्पाच्या पहिल्या पानावर कोरडखेडे हे नाव ठळक अक्षरांत लिहिलं. सरांनी सही केली नाही. मग त्याने माझ्या ताटातला चुरा पोत्यात भरला आणि एस.टी.ने गाव गाठलं. पुढचं मला हिलालभाऊंनी सांगितलं, ते त्याच्याबरोबर गेले होते. मारुतीच्या पारावर पोतं उपडं केलं. ज्याने त्याने खडा उचलावा आणि चिमटीत चुरडून बघावा. तरी लोक हात झटकून मागे सरकू लागले. नाना गावातलं वजनदार माणूस, आणि ते तिथेच उभे होते.

तेव्हा डोक्यावरचा पदर सावरत तानुबाई पुढे आली. सासऱ्यासमोर ती कधी मोठ्याने बोलली नव्हती.

"नाना, मना पोऱ्या पिंप्राळ्याले जाई ना? मंग बठ्ठा गावना पोऱ्या तठेच लई जा. ह्या खोलीमा नको."

सगळ्या गावाची पोरं! नाना उपरणं झटकून घराकडे वळले. बायाबापड्या एकमेकींकडे बघू लागल्या. पिंप्राळ्याची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. संध्याकाळपर्यंत गावाने खोलीला कुलूप घातलं आणि पावसाळ्याआधी तो स्लॅब घणांनी पाडला. घणाचे घाव फार घालावे लागले नाहीत.

याची किंमत मोजावी लागली. त्या वर्षी आखाजीला, लेकी माहेरी येऊन झोके घेतात त्या अक्षय्य तृतीयेला, तानुबाईला माहेरी धाडलं नाही. माहेरच्या अंगणातला झोका तिच्याविना राहिला. अभिमनचा प्रकल्प नामंजूर झाला, त्याचं वर्ष गेलं. पितांबरनानांचं काय झालं? काही नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते दुसऱ्या गावच्या कामाचे ठोकळे घेऊन आले, चांगले घट्ट, गोणपाटात गुंडाळलेले. मी ते दाबले. काटा वर गेला. त्यांना दाखला मिळाला.

मला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. समोर जे ठेवाल तेच मी दाबतो. पण तुम्हाला पाय आहेत आणि तोंड आहे. तुमच्या शाळेचं छत ओततील तेव्हा घमेल्याजवळ जाऊन उभे राहा. तपासायला धाडलेला ठोकळा कोणत्या मालातला, एवढंच विचारा. वय लहान म्हणून लाजू नका. आणि उत्तर देणारा नुसता हसला, तर घरी जाऊन आईला सांगा.