फोटिनीचं ठिगळ

त्या बुधवारी सकाळी पांडेलीच्या धक्क्यावर कालिओपीने थेमेलिसचे जे वाभाडे काढले, ते निम्म्या लेरोसने ऐकले. उरलेल्या निम्म्या बेटाला दुपारपर्यंत कॉफीवाल्याने ते साग्रसंगीत सांगितले.

"ठिगळ तूच लावलंस ना? पाण्याखाली, एका दुपारात? 'कुंबारे, पाच वर्षं हलायचं नाही' असं कोण म्हणालं होतं? जा आता खाली, बघून ये कसं हललं नाही ते!"

थेमेलिस तिचा कुंबारो होता. तिच्या लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर मुकुट त्यानेच चढवले होते आणि तिच्या मुलाचा, सोतिरिसचा बाप्तिस्माही त्याच्याच हातून झाला होता. असा माणूस मान खाली घालून रबरी सूट चढवत होता. ती ओरडून म्हणत होती तेच तो पाच दिवस मनात म्हणत होता.

तिचा नवरा याकूमिस शुक्रवारी पहाटे 'फोटिनी' घेऊन एकटाच बाहेर पडला आणि परतला नाही. त्याला पोहता येत नव्हतं. त्याच्या वयाच्या कुठल्या कोळ्याला येतं? सोमवारी पलीकडच्या खाडीत त्याचं प्रेत सापडलं. होडी बंदराच्या तोंडाशी अठरा मीटरवर बसली होती. तिच्यातलं डिझेल पोहणाऱ्यांच्या किनाऱ्याकडे निघालं होतं, म्हणून बंदरवाल्यांना ती ताबडतोब वर हवी होती. बेटावर बुडालेलं वर काढणारा माणूस एकच, थेमेलिस. चाळीस वर्षांत त्याने नांगर काढले, इंजिनं काढली, एकदा तर पाद्रीबाबांची स्कूटर काढली. दोस्ताची होडी काढायची वेळ मात्र आली नव्हती.

कॉफीच्या टेबलांवर दुसरंही काही शिजत होतं. सरकारची योजना होती: परवाना परत करा, लाकडी होडी मोडायला द्या, पैसे घ्या. याकूमिसने सही केली होती. गुडघे गेलेले, मुलगा फेरीबोटीवर नोकरीला. सही न करून करतो काय? पण ती होडी त्याच्या बापाने बांधलेली, नाव आजीचं, आणि ती मोडायला त्याच सोमवारी जेसीबी येणार होता. "बुडाली, की बुडवली?" असं कुणीतरी साखर ढवळत म्हणालं आणि ते पाद्रीबाबांपर्यंत गेलं. दफन गुरुवारी होतं. स्वतःच्या हाताने जीव देणाऱ्याला चर्चमधून न्यायचं, बापाशेजारी पुरायचं की नाही, हे बाबा होडी वर आल्यावर ठरवणार होते.

खाली 'फोटिनी' सरळ बसली होती, धक्क्याला बांधून ठेवावी तशी. थेमेलिस थेट पुढच्या डाव्या बाजूला गेला. गेल्या हिवाळ्यात खडकावर फुटलेल्या फळीवर त्याने शिशाचा पत्रा ठोकला होता. त्याने हातमोजा काढला आणि एकेक खिळा बोटाने चाचपला. पत्रा जागच्या जागी होता. एकही खिळा हलला नव्हता.

त्याला आनंद झाला. सांगायला बरं वाटत नाही, पण झाला. पाच रात्री छातीवर बसलेला धोंडा उतरला.

मग तो इंजिनापाशी गेला, आणि तो धोंडा परत येऊन बसला. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह सताड उघडा होता आणि त्याचा रबरी पाइप निघालेला होता. फाटला नव्हता, काढून बाजूला वळवून ठेवला होता. पाइपाची क्लिप कुठेच नव्हती. थेमेलिसने तळातल्या तेलकट चिखलात हात घालून शोधली. स्क्रूड्रायव्हर मात्र आपल्या खोबणीत नीट परत लावलेला होता. याकूमिसच्या कामाची रीतच तशी होती. हत्यार जागेवर, स्क्रू खिशात. मरतानाही गड्याने पसारा केला नव्हता.

"मूर्खा," थेमेलिस हवेची नळी तोंडात धरूनच म्हणाला. "मला सांगायचं होतंस."

हवा मोजकीच होती, विचारही मोजकाच केला. त्याने पाइप व्हॉल्व्हवर परत बसवला आणि तारेने आवळला. मग छिन्नी घेऊन ठिगळापाशी आला. काम इतकं चांगलं झालं होतं की तोडताना घाम फुटला. मुखवट्याच्या आत रडू नये, काच धुरकटते. त्याला तीनदा काच धुवावी लागली. शेवटी पत्रा एका कोपऱ्याला लोंबकळला आणि फळीतलं भोक उघडं पडलं. मग त्याने हवेच्या पिशव्या बांधल्या आणि 'फोटिनी' वर आली.

धक्क्यावर सगळे होते. बंदर अधिकाऱ्याने लोंबणारा पत्रा पाहिला.

"ठिगळ सुटलं," थेमेलिस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "माझं काम कच्चं होतं."

पाद्रीबाबांनी क्रूसाची खूण केली. सोतिरिस पुढे आला. चोवीस वर्षांचा पोरगा, बापासारखाच रुंद.

"आजपासून तुम्ही माझे कोणी नाही," तो म्हणाला. "माझ्या मुलांचा बाप्तिस्मा करायचा होता ना तुम्हाला?"

सकाळी धक्का दणाणून सोडणारी कालिओपी मात्र नुसती थेमेलिसकडे बघत राहिली.

गुरुवारी घंटा वाजली, याकूमिस बापाशेजारी गेला. पुढच्या सोमवारी जेसीबीने 'फोटिनी'चा चुरा केला. कागद तो कागद. थेमेलिसला कुणी काम देईना. साधा अडकलेला नांगर काढायलाही माणूस शेजारच्या कालिम्नोस बेटावरून येऊ लागला.

चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना झाल्यावर, भर दुपारी कालिओपी त्याच्या सामानाच्या खोलीत आली. हातात मृतांच्या नावाने वाटतात त्या साखर-डाळिंब घातलेल्या उकडलेल्या गव्हाचा वाडगा होता.

"आला नाहीस."

"सोतिरिस होता."

तिने वाडगा कंप्रेसरवर ठेवला. मग काळ्या झग्याच्या खिशातून एक पाइपाची क्लिप काढून त्याच्या शेजारी ठेवली.

"मंगळवारी हॉस्पिटलने कपडे दिले. त्याचे खिसे बघितल्याशिवाय मी कधी विजार धुतली नाही. स्क्रूंनी माझी दोन मशीनं मोडली."

थेमेलिस क्लिपकडे बघत राहिला. "म्हणजे बुधवारी तुला ठाऊक होतं."

"वीस वर्षं मी त्याच्याबरोबर जाळी ओढली. कुठली क्लिप कुठे बसते हे मला कळत नाही होय? कुणावर तरी ढकलायला हवं होतं, नाहीतर त्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरला असता. तू सगळ्यात जवळचा होतास. वाटलं, तू वर येऊन खरं सांगशील आणि माझं तोंड काळं होईल. आणि तू... मजबूत होतं ना रे ते?"

"एकही खिळा हलला नव्हता."

ती रडली. तोही रडला. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं.

"सोतिरिसला कळता कामा नये."

"नाही कळणार."

"मग उद्यापासून मी तुझ्याशी बोलणार नाही, थेमेलिस. समोर आलास तर तोंड फिरवीन. वेळ आली तर थुंकेन."

"थुंक."

"आज बसते थोडी. खा."

त्याने सगळं खाल्लं. तिने वाडगा विसळला आणि क्लिप त्याच्याचकडे ठेवून गेली.

रविवारी ती मुलाचा हात धरून धक्क्यावर आली. थेमेलिसला पाहताच तिने तोंड फिरवलं. थुंकणं मात्र तिला जमलं नाही. ते सोतिरिसने केलं.