मडमेने दिलेला शब्द

तळेगावचा दिगंबर लोणावळ्यात एका कचेरीत कारकून होता. बढतीच्या तोंडी परीक्षेत त्याने ‘कर्नल’ हा शब्द इंग्रजीत लिहितात तसाच, ‘कोलोनेल’ असा वाचला आणि टेबलापलीकडचे तिघे साहेब पोट धरून हसले. ही गोष्ट १९५६ सालची. त्याच आठवड्यात त्याने एक जाड वही आणि जुन्या बाजारातला इंग्रजी शब्दकोश विकत घेतला. रोज दहा अवघड शब्द, त्यांचे उच्चार, अर्थ आणि एकेक वाक्य, असा त्याने नेम धरला.

तो राहायचा भुशीच्या वाटेवरच्या एका बंगल्याच्या आउटहाउसमध्ये. बंगला पूर्वी एका इंग्रज साहेबाचा होता. आता मालक मुंबईला आणि खोल्यांना कुलपं. किल्ल्या असायच्या चिमाबाईच्या कमरेला. डोंगरावरच्या वाडीतली ही पन्नाशीची बाई दुपारी येऊन झाडलोट करून जायची.

भाद्रपदातल्या एका रविवारी दिगंबर बंगल्याच्या व्हरांड्यात बसून मोठ्याने घोकत होता, “कॉन्व्हॅलेस्केन्स. आजारातून उठतानाचा काळ. कॉन्व्हॅलेस्केन्स.”

“त्ये तसं न्हाई,” केरसुणी थांबवून चिमाबाई म्हणाली. “कन्व्हॅलेसन्स.”

दिगंबरने दचकून वही मिटली. शब्द तर अचूक होताच, पण आवाजही तिचा नव्हता. बारीक, थंड, शब्द ओठांच्या टोकाने उचलून ठेवणारा तो कुणा गोऱ्या बाईचा आवाज होता.

“मावशी, तुम्ही हे कुठं शिकलात?”

“हितंच. मडमेच्या बेबीला सांभाळायला व्हते मी. बेबी तापानं पडली, तरी मडम रोज दुपारी तिला शबुद द्यायची. मडम बोलायची, मंग बेबी म्हनायची. मी पंखा हालवत ऐकायची.”

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. दिगंबर शब्द दाखवायचा, अक्षरं जोडून वाचायचा आणि चिमाबाईला ओळखू आला तर ती दुरुस्त करायची. कफाला तो ‘फ्लेग्म’ म्हणाला. ती म्हणाली, ‘फ्लेम’. दुसरा एक शब्द त्याने ‘ड्रॉट’ असा वाचला.

“वाऱ्याचा हाय का?” तिने विचारलं. “मंग ड्राफ्ट. फटीतनं येतो त्यो गार वारा. त्यो बेबीला लागू द्यायचा न्हाई.”

तिचे सगळे शब्द त्या आजाऱ्याच्या खोलीतलेच होते. शिवाय प्रत्येक शब्दानंतर ती थांबायची, मान जरा कलती करून. पहिले काही दिवस दिगंबरला वाटलं, आपण म्हणावं म्हणून थांबते. मग एका दुपारी, धुकं अगदी व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आलेलं असताना, ती ‘ड्राफ्ट’ म्हणाली आणि पाठीमागच्या बंद दाराआडून लहान मुलीच्या दमलेल्या आवाजात ऐकू आलं, “ड्राफ्ट.”

“तुम्ही म्हणालात?” दिगंबरने दाराकडे वळून विचारलं.

“न्हाई. ती म्हनली,” चिमाबाई म्हणाली आणि पुढचा कोपरा झाडायला लागली.

खोली सोडावी असं त्याला त्या दिवशी फार वाटलं. पण दिवाळीनंतर पुन्हा परीक्षा होती आणि असे उच्चार त्याला दुसरं कोणी शिकवणार नव्हतं. तो राहिला. फक्त आता तो दाराकडे पाठ करून बसत नसे.

एके दिवशी चिमाबाईनेच विचारलं, “तुमच्या बुकात माजा एक शबुद हाय का बगा. बेबी गेल्यावर मडम विलायतेला निगाली. दारात माज्याकडं बोट करून म्हनली, नेग्लिजन्ट. तीनदा म्हनली. अठरा वर्सं झाली, कुनाला इचारायचं?”

दिगंबरने पानं उलटली. शब्द सापडला. हलगर्जी, आपल्या कामात बेपर्वाईने कसूर करणारा. त्याने वर पाहिलं. ती पदराला हात पुसत उभी होती.

“मायाळू,” तो म्हणाला. “जीव लावणारी.”

चिमाबाई मटकन खालीच बसली. दुसऱ्या दिवशी तिने त्याला नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी आणून दिली. ‘मडम मला नेग्लिजन्ट म्हनली व्हती,’ असं ती वाडीभर सांगत सुटली. सुनेला सांगितलं, दूधवाल्या कोंडाजीला सांगितलं. दिगंबरला मात्र जेवण जाईना. आता बंद दाराआडून दुपारी एकच शब्द यायचा, ‘नेग्लिजन्ट’. चिमाबाई नसतानाही यायचा, आणि त्याने कान झाकले तरी थांबायचा नाही.

पंधरा दिवसांनी ती कागदाचा एक कपटा घेऊन आली. “हितं त्यो शबुद लिवून द्या, इंग्रजीत. कामशेतच्या बाजारात गोंदनारी बसती. हातावर गोंदून घेते. मेल्यावर बेबी भेटंल, तर वळखंल.”

दिगंबरने पेन उचललं. पहिलं अक्षर न लिहिताच त्याने ते खाली ठेवलं.

“मावशी, मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “त्याचा अर्थ हलगर्जी. लक्ष न देणारी.”

ती रागावली नाही, रडलीही नाही.

“मंग बराबर हाय,” ती हळूच म्हणाली. “बेबी म्हनली खिडकी उगड, ओढ्याचा आवाज ऐकायचा हाय. मी उगडली. तीन रात्रीची जागी व्हते मी, भितीला टेकले तशी झोपच लागली. उटले तवा धुकं समद्या खोलीत भरल्यालं, अन् बेबी काकडल्याली. तिसऱ्या दिशी गेली.”

“खिडकीनं कोणी मरत नाही, मावशी. तापच तसा होता.”

“त्ये तुमच्या बुकात आसंल.”

तिने कमरेची किल्ली काढली. अठरा वर्षांत तिने व्हरांड्यामागची बेबीची ती एक खोली कधी उघडली नव्हती. दार करकरलं. आत एक छोटा लोखंडी पलंग, भिंतीवर ओल, आणि खिळे ठोकून बंद केलेली खिडकी. दिगंबरने आउटहाउसमधून पहार आणून खिळे उपटले. खिडकी उघडताच धुकं आत आलं आणि खालच्या ओढ्याचा आवाजही.

“ऐक, बाय,” रिकाम्या पलंगाकडे बघून चिमाबाई म्हणाली. या वेळी आवाज तिचा स्वतःचा होता.

मग ती भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळाने तिचे डोळे मिटले आणि मान खांद्यावर कलली. दिगंबर उठून जाणार होता. एवढ्यात पलंगाची एक स्प्रिंग कुरकुरली, कोणीतरी कुशीवर वळावं तशी.

तो दारात बसला. भीती होतीच, पण चिमाबाई झोपली होती आणि खोलीत कोणीतरी जागं राहायला हवं होतं. पलंगावरची नजर न हलवता तो अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिला.