न उचलायचा फोन

त्या दिवशी सकाळी दहा वाजता अभयारण्याच्या गेटबाहेर गाडी थांबवून मी घरी मिस्ड कॉल दिला, आणि तो कोणीतरी उचलला.

बावीस वर्षांत माझा फोन घरी कोणी उचलला नव्हता.

"हॅलो, भाऊजी? कुठे आहात?" आवाज शेजारच्या वहिनींचा होता.

"गेटवर. ती कुठे आहे?"

"तुम्ही आधी घरी या."

"वहिनी, तिला फोन द्या जरा."

"या हो तुम्ही," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

मागच्या सीटवर पाहुण्या मॅडम बसल्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तो मघाचा फोन..." एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. मग आपली बॅग घेऊन खाली उतरल्या. "मी दुसऱ्या गाडीने जाते. तुम्ही निघा."

मी अभयारण्यात जीप चालवतो. सकाळी साडेपाचला पाहुण्यांना आत नेतो, दहाला बाहेर आणतो. दुपारी पुन्हा तेच. आत गेल्यावर पाहुणे पहिला प्रश्न बिबट्याचा विचारतील असं कोणालाही वाटेल. तसं नसतं. पहिला प्रश्न असतो, "आत रेंज येते का?" माझं उत्तर पाठ झालेलं होतं. गेटपर्यंत येते, मग जाते. मधे एका टेकडीवर येते, तिथे थांबू. आम्ही ड्रायव्हर लोक त्या टेकडीला पोस्ट ऑफिस म्हणतो. गाडी वर चढली की सगळ्यांचे फोन एकदम टुणटुण वाजायला लागतात आणि हत्तींचा कळप समोर असला तरी माना खाली जातात.

आमच्या घरी पहिला मोबाइल आला तेव्हा बोलणं महाग होतं. म्हणून ठरलं की बोलायचं नाही, नुसती रिंग द्यायची. आत जाताना मी एक रिंग द्यायचो. बायकोने ऐकली की तिची एक रिंग परत यायची. बाहेर आलो की दोन. म्हणजे सुखरूप आलो, आंघोळीचं पाणी ठेव. फोन कोणीच उचलायचा नाही. पुढे बोलणं फुकट झालं, आमचं मात्र तेच चालू राहिलं. मी एकदा म्हटलं, "आता बोलू या की, पैसे पडत नाहीत."

"काय बोलणार तुम्ही? 'हं' आणि 'बरं'," ती म्हणाली. "त्यापेक्षा रिंग बरी. तिला निदान सूर तरी असतो."

त्या सकाळी गेटवर मी रिंग दिली, पण तिची परत आली नाही. मागे गाड्यांची रांग होती, वाट बघायला वेळ नव्हता. मी आत गेलो.

मॅडमची आठ वाजता ऑफिसची मीटिंग होती. सुट्टी घेऊन आल्या होत्या, पण ऑफिसने सुट्टी घेतली नव्हती, असं त्याच म्हणाल्या. पावणेआठला मी त्यांना पोस्ट ऑफिसवर नेलं. त्यांनी मांडीवर लॅपटॉप उघडला, केस नीट केले. मागे दूर हत्ती चालले होते. त्या मला म्हणाल्या, "बघा आता, सगळे म्हणणार हे खोटं चित्र लावलंय." मी हसलो. तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला.

तिचाच होता. मला वाटलं, पहाटेची परतीची रिंग आता येऊन पोचली. पाहुण्यांचे मेसेज तिथे दोन दोन तास उशिरा यायचे, ते मी रोज बघत होतो. मेसेज उशिरा येतात, फोन उशिरा येत नाहीत, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तेव्हा डोक्यात आलं नाही.

एक रिंग झाली. दुसरी झाली. मी फोन हातात धरून बघत होतो. तिसरी झाली.

"उचला की," मॅडम म्हणाल्या.

"आमचे फोन उचलायचे नसतात," मी म्हटलं. "आज बाईसाहेब खुशीत दिसतायत."

चौथ्या रिंगनंतर बंद झाला. मॅडमची मीटिंग सुरू झाली. मी आवाज नको म्हणून खाली उतरून गाडीच्या काचा पुसत बसलो.

वहिनींना ती साडेआठला दिसली. बाथरूमच्या दाराखालून पाणी बाहेर आलं होतं, नळ तसाच चालू होता. फोन तिच्या हाताशी पडलेला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मी विचारलं, आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "खात्रीने काही सांगता येत नाही. प्रयत्न करता आला असता." वहिनींचं आणि आमचं घर यांच्यात एक भिंत आहे. मी नुसता फोन उचलून वहिनींना कळवलं असतं तर त्या दोन मिनिटांत तिच्याजवळ पोचल्या असत्या.

लेक संध्याकाळी आली. ती शहरात नोकरी करते, आईवर तिचा फार जीव. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईचा फोन घेऊन माझ्यासमोर बसली.

"बाबा, आईने सात बावन्नला तुम्हाला फोन केला होता."

मी तिच्या हातातल्या फोनकडे बघितलं.

"लागला नाही ना तुम्हाला? तुम्ही आत होतात ना?"

"आत रेंज नसते," मी म्हटलं.

हे वाक्य मी पाहुण्यांना हजार वेळा सांगितलं असेल. तोंडातून आपोआप आलं. लेकीने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार होतात." मग ती रडली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांना त्या दिवशी परत जायचं होतं, जाताजाता भेटायला आल्या होत्या. लेकीला कोणीतरी सांगितलं की बाबांच्या गाडीत ह्याच होत्या. तिने विचारलं, "तुम्ही बरोबर होतात ना? आत अजिबातच रेंज नसते का हो?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मला वाटलं, त्या सांगतील. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. तेव्हा तसं वाटत नव्हतं.

"मी माझ्या कामात होते," मॅडम म्हणाल्या. "मला नाही सांगता येणार." थोडा वेळ बसल्या, पाणी पिऊन गेल्या.

महिनाभराने लेकीने आमच्या जीपच्या मालकांना पत्र लिहिलं. तिने ते आधी मला फोनवर वाचून दाखवलं. जंगलात रेंज नसल्यामुळे माझ्या आईला वेळेवर मदत मिळाली नाही, दुसऱ्या कोणत्या ड्रायव्हरच्या घरी असं होऊ नये, असं त्यात होतं. "बरोबर लिहिलंय ना, बाबा?"

"बरं लिहिलंयस," मी म्हटलं.

मालक माणूस चांगला. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि प्रत्येक जीपच्या टपावर थेट आकाशातून इंटरनेट घेणारी पांढरी तबकडी बसवली. आता गेटपासून आतल्या तळ्यापर्यंत नेट कुठेच तुटत नाही. पाहुणे बिबट्या दिसला की बसल्या जागेवरून फोटो घरी पाठवतात. पोस्ट ऑफिसवर आता कोणी थांबायला सांगत नाही. आमच्यातला सगळ्यात जुना ड्रायव्हर, ज्याला आम्ही हॉर्न म्हणतो, तो मला म्हणाला, "वहिनी गेल्या, पण आम्हा सगळ्यांच्या घरचं बघून गेल्या." नाव हॉर्न असलं तरी तो उगाच बोलणारा माणूस नाही.

नवे पाहुणे आले की मालक त्यांना पहाटे अंगणात सूचना देतात. आवाज करू नका, खाली उतरू नका. मग तबकडीकडे बोट दाखवून सांगतात, "हे का बसवलं माहीत आहे? आमच्या एका ड्रायव्हरची बायको अशीच गेली. तो आत होता, रेंज नव्हती." नाव घेत नाहीत. मी तिथेच टायरची हवा बघत असतो. पाहुणे हळहळतात, मग वायफायचा पासवर्ड विचारतात.

मीही त्यांना एक सूचना देतो. घरी सांगून ठेवा, इतके ते इतके वाजेपर्यंत जंगलात आहे. पॉवर बँक जवळ ठेवा. आणि घरून फोन आला तर उचला, समोर काहीही असो. एकदा एक पाहुणे म्हणाले, "बिबट्या समोर असला तरी?" मी म्हटलं, "बिबट्या उद्या पुन्हा दिसतो." ते हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय.

गेटवर आलो की माझा अंगठा अजून तिच्या नंबरवर जातो. ते सिम लेकीने चालू ठेवलंय. तो फोन घरी कपाटात आहे, मी चार्ज करत नाही. रिंग जात नाही, बंद असल्याचं बाई सांगते. मी ते पूर्ण ऐकतो आणि मग गाडी आत घेतो.

लेक रोज सकाळी आठच्या सुमाराला फोन करते. मुद्दाम तीच वेळ. मी पहिल्याच रिंगला उचलतो, गाडीत कोणीही असो. काल मी टेकडीवरूनच जात होतो. चेहरा दिसणारा फोन होता, तिला मागचं जंगल दिसत होतं.

"किती स्वच्छ दिसतंय, बाबा. जेवताय ना नीट?"

"हं."

"वहिनी डबा देतात का?"

"देतात."

तिने फोन जवळ घेतला. मग म्हणाली, "हे नेट तेव्हा असतं तर आई वाचली असती."

मागे पाहुणे होते. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. बोलायला तोंड उघडलं.

"बाबा? आवाज येतोय का माझा?"

"येतोय," मी म्हटलं. "नीट येतोय."

"बरं, ठेवते. उशीर होतोय मला."

त्या सकाळी टेकडीवर रेंज होती, हे मी लेकीला अजून सांगितलेलं नाही.